सिस्टर आणि मावशी



मागच्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर शिरपूर जैनहून येणारी एक मुलगी माझ्यापाशी येऊन थांबली. तिच्या हातात तीन कागद होते, घडी घालून घालून मऊ झालेले. म्हणाली, "मावशी, मले जरा समजून सांगा. यातलं कोणतं करू?"

मुलगी कला शाखेतून बारावी झाली आहे. तिला परिचारिका व्हायचे आहे, जी.एन.एम. करायचे आहे. त्याला कला शाखा चालते, हे तिने स्वतः शोधून काढले. पण यंदा शासकीय यादीत तिचे नाव लागले नाही आणि खाजगी कॉलेजची फी सोयाबीनच्या दोन-तीन एकरांत निघणारी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा म्हणून ती रात्री इंग्रजी आणि जीवशास्त्राची पुस्तके घेऊन बसते. मधले वर्ष रिकामे आहे. घरात पैशांची गरज आहे. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी देशभरातून माणसे येतात, आणि गावच्या लेकरांना मात्र पुढचे शिकायचे तर एस.टी. धरून बाहेर पडावे लागते. तेव्हा या वर्षात एखादे लहानसे प्रमाणपत्र घ्यावे, चार पैसे मिळवावेत आणि दवाखान्याची ओळख करून घ्यावी, असा तिचा विचार. विचार चांगला आहे. प्रश्न फक्त 'कोणते' एवढाच तिने विचारला होता. मला मात्र त्या तीन कागदांत निवडीपेक्षा मोठा प्रश्न दिसला. म्हणून फादरांना विचारून हे चार शब्द लिहीत आहे. मी चाळीस वर्षांच्या आसपास परिचारिका म्हणून काम केले. प्रवचन करणे माझे काम नाही. वॉर्डात जे पाहिले तेच सांगते.

पहिला कागद बसस्टँडवर कुणीतरी हातात कोंबलेला. वर पांढऱ्या टोपीतल्या मुलीचे चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत, '६ महिन्यांत नर्स व्हा. १०० टक्के नोकरी.' हा कागद मी तिथेच फाडला. तिला वाईट वाटले असेल. पण असे कागद घेऊन रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. ए.एन.एम.ला दोन वर्षे लागतात, जी.एन.एम.ला तीन, बी.एस्सी. नर्सिंगला चार. आपल्या राज्यात ए.एन.एम. आणि जी.एन.एम.ची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. त्या नोंदणीशिवाय कुणी स्वतःला परिचारिका म्हणवू नये. म्हणून फी भरण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारायच्या : परीक्षा कोण घेते, आणि नंतर नोंदणी कुठे होते? समोरचा उत्तर देताना घुटमळला, तर पैसे घेऊन घरी यायचे.

दुसरा कागद रुग्णालयातील स्वागतकक्ष आणि बिलिंगच्या कामाचा. संगणक, टेलिफोन, केसपेपर, विम्याची कागदपत्रे. तिसरा 'जनरल ड्युटी असिस्टंट'चा, म्हणजे रुग्णसहायकाचा. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि हे नाव खेड्यापाड्यांत पोचले. वाशिमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडेही अशा वर्गांची चौकशी वाढली आहे. काही महिन्यांचे शिक्षण असते. त्यात काय शिकवतात? रुग्णाला अंघोळ घालणे, बिछाना बदलणे, बेडपॅन देणे आणि काढणे, भरवणे, कूस बदलणे, चाकाच्या खुर्चीत बसवणे, लघवीचे माप लिहून ठेवणे, हात कसे धुवायचे, मृतदेहाची व्यवस्था कशी लावायची. इंजेक्शन नाही. औषध नाही. सलाइन नाही.

मुलीची आई मागेच उभी होती. ती म्हणाली, "बिलिंगचं बरं आहे ना बाई? स्वच्छ काम आहे. लोकांचं हगणंमुतणं काढायसाठी का बारावी शिकवली हिले? उद्या पाव्हणे पाहायले आले तर काय सांगू, पोरगी आया आहे म्हणून?"

ही माऊली वाईट नाही. आपल्या सगळ्यांच्या मनातले तिने मोठ्याने म्हटले, इतकेच. आपल्या चर्चमध्येच पाहा ना. कुणाची मुलगी स्टाफ नर्स झाली की आपण तिचे अभिनंदन करतो, परिचारिका दिनाला तिच्याकडून वाचन करवून घेतो. आणि त्याच दवाखान्यात आयाचे काम करणारी बाई वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसते. तिला कधी पुढे बोलावल्याचे मला आठवत नाही. मी स्वतःही तिचे नाव कधी सुचवले नाही.

तर प्रश्न असा आहे : जे काम आपल्याला खालचे वाटते, ते 'वर चढण्यासाठी' काही दिवस करायचे का? की ते खालचे नाहीच? आणि खालचे नसेल, तर ते सोडून वर जाण्याची एवढी धडपड तरी कशाला? मुलगी हुशार आहे. तिनेही मला हेच विचारले, जरा वेगळ्या शब्दांत. म्हणाली, "मावशी, मी एक वर्षच करणार. मंग जी.एन.एम.ले जाणार. असं मनात ठेवून पेशंटचं करणं हे पाप तर नाही?"

आधी त्यातला व्यवहार सांगते. या प्रमाणपत्राने जी.एन.एम.च्या प्रवेशात गुण वाढत नाहीत आणि तीन वर्षांतला एक दिवसही कमी होत नाही. ते शिडीची पायरी आहे अशी समजूत कुणी करून दिली असेल तर ती खोटी आहे. मिळते ते वेगळेच. पहिल्या आठवड्यात नाकाला कळते की आपल्याला हे जमणार आहे की नाही. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्यांच्या आईवडिलांनी शेत गहाण ठेवून नर्सिंगला घातले आणि पहिल्या जखमेच्या ड्रेसिंगला त्या घरी पळाल्या. त्यांना दोष देत नाही. आधी कुणी वॉर्ड दाखवला असता तर शेत वाचले असते.

आता पाप-पुण्याचे. गवंडी मजुरीसाठीच घर बांधतो, आणि मजुरीच्या पैशातून स्वतःचे घर बांधायचे त्याच्या मनात असते. त्यात पाप काय? भिंत ओळंब्यात असली म्हणजे झाले. तुझ्या मनात पुढचे काय आहे याच्याशी बिछान्यातल्या माणसाला कर्तव्य नसते. त्याला आज रात्री तहान लागली आहे. तू पाण्याचा पेला त्याच्या ओठाला लावतेस तेव्हा तुझे लक्ष पेल्याकडे आहे की मोबाइलकडे, एवढेच त्याला कळते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेव. रुग्णालयात पाळ्या बदलतात, तिथे एक गेली तर दुसरी येते. पण घरी एखाद्या लकवा झालेल्या म्हातारीचे काम धरलेस, तर किती महिने आहेस ते पहिल्याच दिवशी सांगायचे. म्हातारी माणसे एका हाताला सवयतात. तो हात न सांगता गेला की ती जेवण सोडतात. हे मी पाहिले आहे.

इतके सांगून मी घरी आले. पण तिचा प्रश्न काही मला सोडेना. कारण त्याचे उत्तर देण्याचा मला फारसा अधिकार नाही. का नाही ते आता सांगते. आजवर हे मी फक्त कन्फेशनमध्ये सांगितले आहे.

१९७४ साली मी जुनी अकरावी मॅट्रिक झाले. मलाही एक वर्ष थांबावे लागले होते. तालुक्याच्या गावी एका खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कामाला लागले. झाडणे, पुसणे, केसपेपर काढणे, काचेच्या सिरिंजा उकळणे. महिनाभरात डॉक्टरांनी मला संत्र्यावर सुई टोचायला शिकवली. त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणणार नाही. गर्दी फार असायची. दुसऱ्या महिन्यात मी माणसांना टोचू लागले. खेड्यांतून आलेल्या बाया मला 'सिस्टर' म्हणू लागल्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला तो शब्द किती गोड लागतो! मी पांढरी साडी नेसू लागले. मला कुणी सांगितले नव्हते.

एक दिवस एक शेतकरी आजोबा आले. खोकला, ताप. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिले आणि ते घरी जेवायला गेले. मी सुई भरली. आजोबांनी बाही वर करता करता मला विचारले, "सिस्टर, तुम्ही याचं शिकेल आहा ना?"

मी म्हणाले, "हो."

दहा मिनिटांच्या आत त्यांना दरदरून घाम फुटला. ओठ निळे पडले, नाडी हाताला लागेना. मला काय करायचे ते ठाऊक नव्हते. मी रस्त्यावर धावत सुटले. डॉक्टर ताटावरून उठून आले, त्यांनी अॅड्रिनॅलिन दिले आणि आजोबा वाचले. पेनिसिलिन देण्याआधी त्वचेवर थोडेसे टोचून पाहायचे असते, काही रुग्णांना ते झेपत नाही, आणि न झेपले तर काय करायचे त्याची तयारी शेजारी मांडून ठेवायची असते, हे मला दोन वर्षांनी वर्गात कळले. त्या रात्री मी झोपले नाही.

पुढे आजोबा बरे होऊन गेले. जाताना माझ्यासाठी ओल्या हरभऱ्याची जुडी ठेवून गेले. 'सिस्टरले द्या' म्हणाले.

त्या वेळी मला वाटे, माझी चूक इंजेक्शनची होती. आता तसे वाटत नाही. सुई हातात देणारा दुसरा होता. त्याचा वाटा त्याच्याकडे. माझी चूक तो 'हो' होता. आजोबांना माझ्याविषयी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती जाणण्याचा त्यांना पुरता हक्क होता, कारण दंड त्यांचा होता.

तेव्हापासून मी प्रमाणपत्राकडे वेगळ्या नजरेने पाहते. दहावीची गुणपत्रिका माझी असते. मी किती शिकले ते ती सांगते. पण दवाखान्यातले प्रमाणपत्र तसे नाही. ते गाडी चालवण्याच्या लायसन्ससारखे आहे. ते माझ्या खिशात असले तरी रस्त्यावरच्या माणसासाठी आहे. दुसऱ्याच्या देहाला मी कुठवर हात लावू शकते आणि कुठे थांबणार आहे, याचा तो रुग्णाला दिलेला शब्द आहे. रुग्ण तो कागद वाचत नाही. तो बेशुद्ध असतो, किंवा वेदनेत असतो, किंवा त्याला वाचताच येत नाही. तो शब्द पाळला जातो की नाही हे पाहणारे तिथे दुसरे कुणी नसते. त्या हिशेबाने पाहिले तर '६ महिन्यांत नर्स' हा कागद खोटा शब्द आहे आणि रुग्णसहायकाचा कागद लहान पण खरा शब्द आहे. तो स्पष्ट म्हणतो की मी अंघोळ घालीन, कूस बदलीन, इंजेक्शन देणार नाही.

शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आपण लहानपणापासून ऐकतो. तो दयाळू होता एवढेच आपण लक्षात ठेवतो. संत लूक यांनी त्याने काय केले ते नीट सांगितले आहे. जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, धर्मशाळेत नेले, रात्रभर सांभाळ केला. आणि दुसऱ्या दिवशी? दोन नाणी काढून त्याने जखमीला धर्मशाळेच्या मालकाच्या स्वाधीन केले. जेवढे त्याला येत होते तेवढे त्याने स्वतःच्या हाताने केले आणि पुढचे दुसऱ्याकडे सोपवले. परत येईन म्हणाला, जास्त खर्च झाला तर देईन म्हणाला. सोपवणे हाही दयेचाच भाग आहे. आम्हा दवाखान्यातल्या लोकांना हा भाग पहिल्या भागापेक्षा कठीण जातो.

आता त्या माऊलीच्या 'आया'कडे येते.

आपल्या सरकारी दवाखान्यांतली भाषा कधी ऐकली आहे का? परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात. हा शब्द व्रतस्थ भगिनींकडून आला. एके काळी त्याच वॉर्ड सांभाळत. पण आयाला सगळे म्हणतात 'मावशी', आणि वॉर्डबॉयला 'मामा'. काका नाही, आत्या नाही. मामा आणि मावशी ही दोन्ही नाती आईकडची. आजारी माणूस कितीही मोठा असो, ठाणेदार असो की सावकार, खाटेवर पडला की तो आजोळी येतो. हे कुणी ठरवून केलेले नाही, लोकांच्या तोंडी आपोआप आले. 'माय मरो पण मावशी उरो' अशी आपल्याकडे म्हणच आहे. जी आई धुते ते धुणारी ती मावशी. सिस्टर हा शब्द इंग्रजीतून आला. मावशी आपल्या घरातला आहे.

तरी त्या कामाची किळस आणि कमीपणा खराच आहे, तो नाही म्हणून चालणार नाही. स्पृश्य-अस्पृश्यतेच्या देशात परक्याचे रक्त, मलमूत्र यांना हात लावणे म्हणजे जात जाणे होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली शिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय शिक्षित परिचारिका म्हणून आमच्या अभ्यासाच्या पुस्तकांत होते. नावाखेरीज फार काही तिथे नव्हते. त्यांना घरचे काय म्हणाले असतील, हा प्रश्न मला परीक्षेच्या दिवशीही पडला होता. आपल्या वाशिमचा मिशन दवाखाना, म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, १९३८ साली नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी सुरू केला. पुढे तिथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. आपला पंथ वेगळा असला तरी या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या मुलींना परिचारिका होण्याची वाट मिशनच्या अशा दवाखान्यांतूनच दिसली. आज आपण त्या वाटेचा अभिमान बाळगतो. पण त्या काळी घरच्यांची तक्रार आजच्या या माऊलीपेक्षा वेगळी नसणार.

आणि आपले संत? परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिलस यांचा सण १४ जुलैला येतो. ते १५५० साली इटलीत जन्मले. सैनिक होते, जुगारी होते, पायाला न भरणारी जखम होती. उपचारासाठी रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात आले आणि तिथेच नोकर म्हणून राहिले. म्हणजे आपल्या भाषेत 'मामा'. जुगारापायी त्यांना तिथून काढूनही टाकले. मनःपरिवर्तन झाल्यावर ते पुन्हा त्याच रुग्णालयात आले आणि पुढे तिथले व्यवस्थापक झाले. पैशासाठी आलेले नोकर रुग्णांना टाकून देतात हे पाहून त्यांनी मनापासून काम करणारे सोबती जमवले. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्तुस यांनी त्या संघाला मान्यता दिली. त्यांच्या काळ्या झग्यावर लाल क्रूस असे. वयाची तिशी ओलांडल्यावर ते लहान मुलांच्या पंगतीला बसून लॅटिन शिकले आणि धर्मगुरू झाले. म्हणजे 'वर जाण्यासाठी' शिकणे त्यांनाही चुकले नाही. पण शिकून वर गेल्यावर बेडपॅन हातातून खाली ठेवला नाही. १९३० साली अकराव्या पायस यांनी त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. एका वॉर्डबॉयला आम्हा सिस्टरांच्या डोक्यावर बसवले, असे मी गमतीने म्हणते.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळे गोड होऊन जाईल. 'सेवा' हा शब्द फार जपून वापरावा. या मुलींना बारा-बारा तास राबवले जाते, पगार वेळेवर मिळत नाही, आणि विचारले तर उत्तर मिळते, 'सेवा समजून कर ना'. असे बोलणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांतले काही रविवारी आपल्यासोबतच गुडघे टेकतात. सेवा ही करणाऱ्याने स्वतःच्या मनात म्हणायची गोष्ट आहे. पगार देणाऱ्याने ती तोंडातून काढू नये. आणि काही ठिकाणी परिचारिकेचा पगार वाचवण्यासाठी रुग्णसहायकाच्याच हातात सुई दिली जाते. म्हणतात, 'तू तर नर्सिंगचं शिकणार आहेस, टोच की.' १९७४ साली माझ्या हातात जी आली तीच सुई. मुलीला खरा धोका इथे आहे, बेडपॅनमध्ये नाही. पाव्हण्यांमध्ये तर नाहीच नाही.

बिलिंगच्या कागदालाही मी नावे ठेवत नाही. खिडकीमागे बसलेली मुलगी रात्री दोन वाजता आलेल्या घाबरलेल्या नातेवाइकाशी कशी बोलते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पण तिला परिचारिका व्हायचे आहे. पोहायला शिकायचे तर विहिरीच्या काठावर तिकिटे फाडून काय होणार?

कोविडची दोन वर्षे आठवा. वॉर्डात नातेवाइकांना बंदी होती. आत कोण होते? डॉक्टर होते, सिस्टर होत्या. सगळ्यांचे आभार मानले गेले, टाळ्या वाजल्या. पण ज्यांनी तोंडात पाणी घातले, डायपर बदलले, मरताना हात हातात धरला आणि नंतर तो देह प्लास्टिकमध्ये गुंडाळला, ते बहुतेक वेळा मावशी आणि मामाच होते. माणसे इतकी कमी पडली की जून २०२१ मध्ये केंद्र सरकारला अशा मदतनिसांसाठी घाईघाईने लहान अभ्यासक्रम काढावे लागले. आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात आपले माणूस गमावले, त्यांनी विचार करावा : शेवटच्या रात्री त्याच्याजवळ कुणाचा हात होता? त्या हाताचे नाव आपल्याला ठाऊक नाही. आईने जे काम 'हगणंमुतणं' म्हटले ते हेच.

पुढच्या रविवारी मायलेकी माझ्या घरी आल्या. आईचे समाधान पूर्ण झाले आहे असे मी म्हणणार नाही. ती एवढेच म्हणाली, "एक वर्षाचाच सवाल आहे ना? पाव्हण्यायले मी सांगीन, दवाखान्यात शिकते म्हणून." मी म्हटले, तेही खरेच आहे. मुलीने तिसरा कागद निवडला आहे. कोणती संस्था, परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिलेले असेल, हे तिने स्वतः जाऊन विचारले आणि वहीत लिहून आणले. रात्रपाळीनंतर परतीची एस.टी. किती वाजता, हेही आईने लिहायला लावले होते.

मी तिच्याकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घेतले : "हे माझं काम नाही, मी सिस्टरले बोलावते." पहिल्यांदा ती पुटपुटली. मी म्हटले, असे म्हटलेस तर डॉक्टर ऐकणार नाहीत. चौथ्या खेपेला आवाज निघाला. आई हसू लागली.

मग मी खाटेवर आडवी झाले. जड माणसाची कूस एकटीने कशी बदलायची ते तिला बघायचे होते. चादरीची घडी पाठीखाली कशी सरकवायची, माझा पलीकडचा गुडघा कसा वाकवायचा, खांदा आणि कंबर एकदमच कशी आपल्याकडे ओढायची, आपल्या पाठीला हिसका न बसू देता, हे मी पडल्यापडल्या सांगितले. तिने जोर लावला आणि मला गर्रकन फिरवले. चांगली ताकद आहे पोरीत. पण मी दचकले.

"अगं," मी म्हटले, "आधी मला सांग तरी, मी तुम्हाला वळवते आहे म्हणून."

ती ओशाळली. मला पुन्हा पाठीवर निजवले, पदर सारखा केला, आणि वाकून म्हणाली, "मावशी, आता मी तुम्हाले डाव्या कुशीवर घेते. घेऊ ना?"